डाव्या हाताचं व्रत

आमच्या घरात रांगोळीचे दोन डबे होते. पुढच्या दाराचा डबा पितळेचा, त्यात मंचरच्या बाजारातून आणलेली पांढरीशुभ्र रांगोळी. तो आईच्या ताब्यात, देव्हाऱ्याखाली. मागच्या दाराचा डबा पत्र्याचा, झाकण हरवलेला, त्यात चुलीतली राख, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून घेतलेली, तो ठकूआत्याचा. ठकूआत्या म्हणजे आमच्या आप्पांची पाठची बहीण. तिला पठारावरच्या आणे गावात दिली होती. सहा वर्षं मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी बायको केली आणि हिला एका पिशवीसकट एसटीत बसवून दिलं. तेव्हा मी तीन वर्षांची होते. त्यामुळे मला कळायला लागल्यापासून आत्या आमच्या कळंबच्या घरातच होती, आणि ती कुठून तरी परत आलेली आहे हे मला फार उशिरा समजलं.

आली त्या वर्षीच्या दिवाळीत तिने पुढच्या अंगणात रांगोळी काढली. लग्नाआधी गावात तिच्या रांगोळीचं नाव होतं म्हणतात. त्याच आठवड्यात आमची दुभती म्हैस साप चावून मेली. आई काही वाईट बाई नव्हती. नणंदेला तिने कधी शिळं वाढलं नाही, लुगडं घेताना दोघींना सारखं घेतलं. पण म्हैस आणि रांगोळी या दोन गोष्टी तिच्या डोक्यात शेजारी शेजारी बसल्या त्या बसल्याच. ती म्हणाली, "वन्सं, घरातलं समदं तुमी करा, पर दारातली रांगोळी मी काढत जाईन." आत्या म्हणाली, "बरं, वैनी." पुढे महिनाभराने एका सकाळी आईने मागच्या दारी पाहिलं तर आत्या उकिडवी बसून राखेने काहीतरी काढते आहे, आणि तेही डाव्या हाताने. आई तिथेच थबकली. आत्या मान वर न करता म्हणाली, "उजव्या हातानं काढली तर ती रांगोळी, वैनी. ही नुसती हात हलवनी हाय." हा किस्सा आई स्वतःच हसून सांगायची. वन्संचं खूळ, असं तिने त्याला नाव ठेवलं होतं.

आत्या काय काढायची हे सांगणं अवघड आहे, कारण ते कशाचंच चित्र नसे. कमळ नाही, गोपद्म नाही, स्वस्तिक नाही. सारवलेल्या जमिनीवर ती एक वळसा काढायची, त्याच्या पोटात दुसरा, शेजारी थोडी जागा सोडून तीत बारीक तिरक्या रेघा, मग पुन्हा वळसा. पहिल्यांदा म्हणे तिचा हात पहिलीतल्या पोरासारखा थरथरायचा; मला आठवतो तो हात मात्र अगदी संथ होता. चिमटीतून राख सुटायची तसतसा ती श्वास सोडायची. कोंबडी मधूनच चालून गेली तर तिला हुसकत नसे, तिच्या पायांच्या खुणांना वळसा घालून पुढे जाई. तिकडे पिठाच्या गिरणीचं इंजिन पुकपुकत असे, हमरस्त्यावरून नाशिकची गाडी भोंगा वाजवत जाई, चुलीवर बाजरीच्या भाकरीचा पापुद्रा करपल्याचा वास येई, आणि या सगळ्यात आईच्या हाका. वन्सं, दूध उतू चाललंय. वन्सं, मंदीची, म्हणजे माझी, वेणी घाला. वन्सं, शेंगोळ्याचं पीठ कुठं ठिवलं? एका नक्षीत चार-पाच हाका ठरलेल्या. प्रत्येक हाकेला आत्या डावा हात पदराला पुसून उठायची, काम उरकून यायची आणि रेघ जिथे सुटली होती तिथे पुन्हा बसायची. बहुतेक दिवशी नक्षी पुरी होण्याआधीच ऊन वर यायचं आणि कोणीतरी तिच्यावरून घागर घेऊन जायचं.

माझी नात पुण्यात असते. गेल्या महिन्यात आली ती एक जाड वही घेऊन. डाव्या हातात काळं पेन धरून पानभर वळसे काढत बसली. मी विचारलं, हे काय, उजवा हात दुखतो का? तर म्हणाली, "आजी, याचा क्लास असतो. उजवा हात सारखा विचार करतो, डावा करत नाही. मन शांत होतं." मी वही हातात घेतली. तेच वळसे, त्याच तिरक्या रेघा. मी तिला म्हटलं, आमच्या घरात एक जण हे करत होती. नात म्हणाली, "हो? कुठे शिकली होती?" याचं उत्तर मला एका वाक्यात देता येईना. म्हणून हे प्रकरण.

मला तेव्हा आत्याची लाज वाटायची. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे. नदीवर जाणाऱ्या बायका आमच्या मागच्या दारावरून जात, आणि त्यांच्या पोरी शाळेत मला विचारत, तुझी आत्या येडी हाय का गं? नवऱ्याने टाकलेली आणि वर डाव्या हाताने राखेत रेघोट्या ओढणारी बाई आपल्याच घरात असावी, याचा मला राग होता. मी तिच्याकडून वेणी घालून घ्यायचे, तिच्या हातच्या मासवड्या चाटूनपुसून खायचे, आणि रस्त्यात ती दिसली की दुसरीकडे बघायचे.

मी बारा वर्षांची असताना संक्रांतीच्या आधी जुन्नरची हमिदाचाची बांगड्या भरायला आली. ती डोक्यावर पाटी घेऊन अख्खा तालुका पायी आणि एसटीने फिरायची. इकडे कळंब-मंचर, तिकडे नारायणगाव, आळेफाटा, वर पार आण्यापर्यंत. आमच्या ओट्यावर आळीतल्या आठ-दहा बायका जमल्या होत्या. आत्याचा डावा हात चाचीने हातात घेतला, दाबला, पुन्हा दाबला आणि थांबली.

"ठकू, या हाताला काय करतीस गं? समद्या बायांचा डावा हात मऊ लागतो मला, बांगडी कशी सरकन चढते. तुझा उजव्यापेक्षा ताठ झालाय. नखात राख भी हाय."

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मला त्या हसण्याने असं काही झालं की माझ्या तोंडून शब्द कसे गेले ते मलाही कळलं नाही. मी म्हणाले, "व्रत हाय तिचं. मामा परत न्यायला येईस्तवर डाव्या हातानंच काढायची, आसं व्रत हाय." आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात.

श्रावणात आई वाचायची त्या कहाण्यांमध्ये असंच काहीबाही असे, त्यातूनच ते आलं असणार. पण ओट्यावरचं हसू एका क्षणात थांबलं. एक म्हातारी डोळे पुसायला लागली. हमिदाचाचीने आत्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि नुसती बघत राहिली. सगळ्यांत जास्त धक्का बसला तो आईला. "वन्सं," ती म्हणाली, "इतकी वर्सं, आन मला एका शब्दानं बोलला न्हाई?" आत्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, आता ही मला सगळ्यांदेखत खोटं पाडणार. तिने मान खाली घातली आणि चाचीला म्हणाली, "हिरव्या भरा."

त्या दिवसापासून आमच्या घराची चालच बदलली. आई पहाटे उठून आत्यासाठी स्वतः राख गाळायची. आत्या मागच्या दारी बसली की आई आम्हाला तोंडावर बोट ठेवून गप्प बसवायची. दूध उतू गेलं तर जाऊ दे, वेणी शाळेच्या वेळेला नाही झाली तर नाही झाली. नदीवर जाणाऱ्या बायका आता वाट वाकडी करून नक्षीला हात लावून नमस्कार करायच्या. चौघी-पाच जणींनी आपापल्या दारी डाव्या हाताने काढायला घेतलं, कुणी दारुड्या नवऱ्यासाठी, कुणी मुंबईच्या गिरणीत गेलेल्यासाठी. मला शाळेत मान मिळाला. मी त्या व्रताचे नियमही बनवले: अन्न खाल्लेलं नसावं, मधे बोलू नये, नक्षी ओलांडू नये. आत्या कुणालाच हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही. माझ्या खोट्याने सगळ्यांचंच बरं झालं, असं मला वाटत होतं.

सहा-सात महिन्यांनी हमिदाचाची पुन्हा आली ती पाटी उतरवायच्या आतच बोलायला लागली. "ठकू, तुझं नाव आण्यात घरोघर घेत्यात. मीच सांगितलं. बांगड्या भरताना बाया इचारतात ना, खाली काय नवीन. तुझी सवत गेली गं, पावसाळ्याच्या तोंडाला. तापानं गेली. दोन लेकरं हायत बारकी. तुझा मालक रडला माझ्यासमोर, म्हनला, तिनं माझ्यासाठी व्रत धरलंय आन मी तिला टाकली."

मी दारात उभी होते. माझं एक वाक्य डोक्यावरच्या पाटीतून घाट चढून वर गेलं होतं आणि तिथल्या एका माणसाने ते खरं धरलं होतं. आत्याच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते आनंद नव्हता एवढं मला बारा-तेराव्या वर्षीही कळलं.

आठ दिवसांत निरोप आला. गुरुवारी मामा थोरल्या भावाला घेऊन येणार, ठकूला मानाने घेऊन जाणार. आप्पा त्या दिवशी शेतावर गेलेच नाहीत, पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले. आईने उद्यापन ठरवलं. व्रत पुरं झालं, तर त्याचं उद्यापन नको का? मामांचा पाट पुढच्या दारात मांडायचा, त्यांना मासवडीचं ताट वाढायचं आणि आत्याने पितळेच्या डब्यातली पांढरी रांगोळी घेऊन, उजव्या हाताने, त्यांच्या पाटाभोवती काढायची. नऊ वर्षांनी पुढच्या दारात तिची रांगोळी. हे सांगताना आईचे डोळे भरून आले. ती हा मान मनापासून देत होती, याबद्दल मला आजही शंका नाही. आत्या म्हणाली, "बरं, वैनी." तोच आवाज, तेच दोन शब्द.

मी तीन दिवस जेवले नाही. आत्याला तिथे कसं वागवलं होतं, हे एव्हाना मी बायकांच्या बोलण्यातून ऐकलं होतं. सासू होती तोवर हिला गोठ्यात झोपायला लावायची, हे ऐकलं होतं. आणि आता ती पुन्हा तिकडे जाणार होती, दुसरीची लेकरं सांभाळायला आणि पठारावरचं पाणी डोक्यावर वाहायला, केवळ मला पोरी चिडवतात म्हणून. सांगून टाकावं असं दर तासाला वाटायचं. पण आप्पांचा हसरा चेहरा बघितला की माझी जीभ आत वळायची. ते माझ्या आठवणीत इतके खूश एरवी कधीच नव्हते.

गुरुवारी जीप आली. मामा म्हणजे कोणी राक्षस असेल अशी माझी कल्पना होती. उतरला तो किडकिडीत, टेरिलिनचा सदरा घातलेला, घड्याळ मनगटावर सैल झालेला माणूस. ओट्यावर पाय धुताना तो सगळ्यांकडे बघून कसनुसं हसत होता. घरात मासवड्यांचा वास भरला होता. आत्याने पहाटेच बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापलं होतं, तीळ-खोबऱ्याचं सारण भरून गुंडाळ्या केल्या होत्या, वड्या कापल्या होत्या. वर लाल तर्रीचा रस्सा. तिने नवीन हिरवं लुगडं नेसलं होतं. अर्धी आळी दारात उभी होती.

मामा पाटावर बसले. ताट वाढलं. ते आप्पांना म्हणाले, "लई सोसलं हिनं माझ्यापायी. आता सोड म्हनावं डावा हात." सगळे हसले. आईने पितळेचा डबा आत्यापुढे ठेवला.

आत्या पाटासमोर बसली. उजवा हात तिने मांडीवर ठेवला, डाव्या हाताने चिमूट उचलली, आणि पाटापासून चांगली दोन हात लांब, स्वतःच्या पायापाशी, एक वळसा काढला. त्याच्या पोटात दुसरा. कोणाला काही कळेना. आई हलकेच म्हणाली, "वन्सं, उजव्या हातानं. आता चालतं." आत्या रेघा भरत राहिली. रश्श्यावरची वाफ बसली. तो वळसा पुरा झाल्यावर तिने वर पाहिलं आणि मामांना म्हणाली, "व्रत न्हवतं माझं. मी काय मागितलंच न्हवतं."

मामांचा घास हातात राहिला. "मग इतकी वर्सं कशापायी काढत व्हतीस?"

"बरं वाटतं, म्हनून."

एखादी बाई नुसतं बरं वाटतं म्हणून रोज काही करते, हे तिथल्या कुणाच्याच डोक्यात मावेना. ती मामांवर चिडली असती, रडली असती, जुनं काढून भांडली असती तर ते सगळ्यांना समजलं असतं. मामांचे थोरले भाऊ आप्पांकडे बघून म्हणाले, "पावणं, ही काय चेष्टा लावलीय?" आप्पा कसेबसे म्हणाले, "ठके, नीट इचार कर."

"केला, दादा," आत्या म्हणाली. "लेकरांचं वाईट वाटतं मला. पर मी येनार न्हाई."

मामा ताटावरून उठले. आमच्याकडे भरल्या ताटावरून पाहुणा उठणं म्हणजे घराच्या तोंडावर मारणं. पण ते रागाने उठले असं मला वाटलं नाही. त्यांनी जाताना त्या वळशाकडे पाहिलं, तो ओलांडायचा की नाही हे त्यांना ठरवता येईना, आणि शेवटी भिंतीला धरून कडेने गेले. जीप गेली. आई आत जाऊन दाराकडे पाठ करून बसली. आप्पा पुढे सव्वा महिना बहिणीशी बोलले नाहीत.

दुपार कलल्यावर आत्या मागच्या दारी मासवडीचं फडकं धूत होती. मी तिच्याजवळ गेले आणि एका दमात म्हणाले, "आत्या, ते व्रताचं मीच खोटं सांगितलं व्हतं. माझ्यामुळं आले ते."

"ठाव हाय की. मी तिथंच बसले व्हते."

"मग तवाच 'न्हाई' असं का म्हनली न्हाईस?"

तिने फडकं पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं. मग म्हणाली, "तू व्रत म्हनलीस, आन दुसऱ्या दिवशी वैनीनं एकबी हाक मारली न्हाई. मी आपली कान लावून बसलीये, आता यील, मग यील. आलीच न्हाई. आठ वर्सांत पयल्यांदा नक्षी पुरी झाली माझी. मग कशाला न्हाई म्हनू? नवऱ्यासाठी हाय म्हनलं की बाईला घटकाभर बसू देत्यात, मंदे. मला तरी काय ठाव, तो खरंच यील."

इतके दिवस मी समजत होते की मी तिचं वाटोळं केलं. खरं तर मी तिला इतक्या वर्षांत कोणी दिली नव्हती ती गोष्ट दिली होती, तीही चुकून, स्वतःची लाज झाकायला. आणि आज खरं बोलून तिने ती सगळ्यांसमोर परत करून टाकली होती. हे तिला पाटासमोर बसतानाच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या राखेचा डबा घेऊन बसली. पहिला वळसा निम्मा झाला असेल नसेल, तोच आतून आईची हाक आली. "वन्सं, धार काढायची राहिलीये." किती महिन्यांनी त्या वेळेला ती हाक आली होती. आवाजात राग नव्हता, रोजच्यासारखीच हाक होती. आत्याने डावा हात पदराला पुसला आणि उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं, चरवी उचलली आणि गोठ्याकडे निघाले. आई चुलीपाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. मला तोवर धार काढता येत नव्हती.